आम्ही गेलो की क्लब हरायचा

लग्न होऊन मी अंबरनाथला आले त्याच्या दुसऱ्याच रविवारी सासरे चपला घालून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "सूनबाई, फुटबॉल बघायला येणार का?"

मी आत्यांकडे पाहिलं. आमच्यात सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. आत्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जा बाई. इतकी वर्षं मी गेले. आता तुझी पाळी."

माझं माहेर फलटणजवळ. आमच्याकडे कुस्ती आणि कबड्डी. फुटबॉल मी फक्त शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात पाहिलेला. पण नव्या नवरीला घराबाहेर पडायला कुठलंही कारण चालतं. आमचे हे क्रिकेटवाले. रविवारी रेडिओला कान लावून बसायचे आणि "बाबांचा तो क्लब" म्हणताना नाक मुरडायचे. त्यामुळे मामांच्या मागोमाग मीच निघाले.

मैदान कॉलनीच्या मागे होतं. कडेला गवत, मधे माती. क्लब मामांच्या फॅक्टरीतल्या आणि आसपासच्या मुलांचा. मामा फिटर होते, आणि तरुणपणी याच क्लबातून लेफ्ट बॅक खेळलेले. मॅच सुरू झाली तसं मी विचारलं, "मामा, आपले कुठले?"

"पिवळे शर्टवाले. ते बघ, मागे पळतायत ते."

त्या दिवशी ते शेवटपर्यंत मागेच पळत राहिले.

का कोण जाणे, मला लळा लागला. आमचा गोलकीपर एसटीत कंडक्टर होता, विठ्ठलवाडी डेपोला. स्वतःच्या बॅकवाल्यांवर तो ड्युटीवर असल्यासारखाच ओरडायचा, "पुढे सरका, पुढे सरका, मधे जागा आहे!" आणि मधे खरंच जागा असायची. समोरची टीम तिथूनच यायची.

आमच्या बाजूने नियमाने बघणारे तिघंच. मामा, मी आणि उल्हासनगरचे एक सिंधी शेठ. शेठचं रेडिमेड कपड्यांचं दुकान होतं. उरलेल्या कापडातून टीमचे शर्ट त्यांनीच शिवून दिले होते. शर्ट अंगावर कसे दिसतात ते बघायला म्हणून एकदा आले आणि अडकले. पिवळा रंग पहिल्याच धुण्यात उतरला आणि शर्ट वरणासारखे दिसायला लागले, पण शेठचं मत ठाम होतं. "साईं, कपडा एकदम बढिया है. टीमच ढिली आहे, त्याला मी काय करू?"

दोन-तीन वर्षं अशीच गेली. मधे मला मुलगी झाली, तिला आत्यांकडे ठेवून मी मैदानावर जाऊ लागले. मी ऑफसाइड शिकले, रेफ्रीला शिव्या द्यायला शिकले. मामा शिव्या द्यायचे नाहीत. ते फक्त "अरे, अरे, अरे" म्हणायचे आणि तिसऱ्या "अरे"ला बहुतेक गोल झालेला असायचा. घरी येताना दर वेळी तीच चर्चा. सेंटर फॉरवर्डची शिफ्ट बदलून मिळाली तर, त्या नव्या मुलाला उजवीकडे खेळवलं तर, पुढच्या रविवारी वारा आपल्या बाजूने असला तर. मामा इतकं पटवून सांगायचे, की फाटकाशी येईपर्यंत आम्ही जिंकलेलोच असायचो.

मग त्या वर्षी बदलापूरच्या टीमने आम्हाला धुतलं. हेंद्रेपाड्याची चपळ मुलं होती ती. किती गोल झाले ते सांगत नाही, पण शेवटी शेवटी त्यांचा गोलकीपरसुद्धा कंटाळून पुढे खेळायला आला होता. मामांनी घरी येऊन चपला काढल्या आणि जाहीर केलं, "पुरे झालं. पुढच्या रविवारी आपण जायचं नाही. निषेध."

"त्यांना कळणार कसं निषेध आहे म्हणून?" यांनी विचारलं.

"तिघं नसले की मैदान रिकामं दिसतं. कळेल."

त्या रविवारी मामांनी न मोडलेला स्टोव्ह दुरुस्त केला. दर थोड्या वेळाने घड्याळाकडे बघत होते. "आता हाफटाइम असेल," एकदा स्टोव्हलाच म्हणाले. संध्याकाळी दार वाजलं. बाहेर आमचा कंडक्टर गोलकीपर, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात पेढ्यांचा पुडा.

"काका! जिंकलो!"

मामांचा चेहरा मला अजून आठवतो. आनंद झाला होता आणि अपमानही झाला होता, आणि दोन्हीला एकाच चेहऱ्यावर जागा करून द्यायची होती. त्यांनी पेढा घेतला, तोंडात टाकला आणि हळूच विचारलं, "आमच्याशिवाय?"

पुढच्या रविवारी आम्ही धावत गेलो. हरलो. त्याच्या पुढच्या रविवारी कल्याणला नात्यातलं लग्न होतं, शेठ माल आणायला गेले होते. क्लब जिंकला. मग आम्ही पुन्हा गेलो, आणि गोलकीपरच्या दोन पायांमधून बॉल गेला.

दोन दिवसांनी टीमचा कॅप्टन घरी आला. चांगला मुलगा, मामांच्याच फॅक्टरीत कामाला. चहा घेतला, माझ्या मुलीला उचलून घेतलं, पंख्याची चौकशी केली. शेवटी म्हणाला, "काका, राग मानू नका. माझं काही नाही. पण पोरं म्हणतायत…"

"काय म्हणतायत?"

"पोरं म्हणतायत की तुम्ही, वहिनी आणि शेठ… म्हणजे तुम्ही तिघं… जरा पनवती आहात."

आता इथे एक सांगायला हवं. आमचं घर बौद्ध. मामांनी तरुणपणी वस्तीत सभा घेऊन अंगारे-धुपारे बंद करायला लावले होते. शेजारी कुणी दारावर लिंबू-मिरची बांधली, तर मामा "मिरची महाग झालीय, भाजीत घाला" असं तोंडावर सांगायचे. मांजर आडवं गेलं तर त्याला वाट करून द्यायचे. अशा माणसाला त्याच्याच घरात, त्याच्याच कपातून चहा पिऊन कुणीतरी पनवती म्हणालं.

मामांनी कॅप्टनला अर्धा तास झापलं. कार्यकारणभाव म्हणजे काय, बॉल कुणाच्या नजरेने नाही तर पायाने जातो, सगळं समजावलं. कॅप्टन "बरोबर आहे काका, अगदी बरोबर आहे" म्हणत राहिला आणि दारात चपला घालताना म्हणाला, "मग रविवारी नाही ना येणार?"

रविवारी मामा तयार झाले नाहीत. मी कपडे बदलून उभी होते. म्हणाले, "बस. मी एक प्रयोग करतोय. ही अंधश्रद्धा नाही, निरीक्षण आहे."

प्रयोग भलताच यशस्वी झाला. टीम जिंकत गेली आणि मामा वाळत गेले. निकाल कळायचा, पण गोल कसा झाला, कुणी पास दिला, काही कळायचं नाही. कंडक्टरला विचारावं तर तो सांगायचा, "मारला काका, एकदम भारी मारला," आणि संपलं. आत्या वैतागून मला म्हणाल्या, "हरत होते तेव्हा निदान हा माणूस रविवारी घराबाहेर तरी असायचा."

सीझनची शेवटची मॅच उल्हासनगरच्या मैदानावर होती, समोर तेच बदलापूरवाले. आधीच्या पराभवांमुळे आम्ही अजून तळालाच होतो. हरलो तर खालच्या डिव्हिजनमध्ये, बरोबरी झाली तरी वाचलो. शुक्रवारी शेठ स्कूटरवरून आले. "साईं, माझ्या मेव्हण्याच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून पूरा ग्राउंड दिसतो."

"आपण जायचं नाही असं ठरलंय," मामा म्हणाले.

"ग्राउंडवर नाही जायचं. गच्ची ग्राउंड आहे का?"

मामांनी बराच विचार केला. "नाही," ते म्हणाले. "गच्ची ग्राउंड नाही."

"मामा, पण तुम्ही तर हे मानतच नाही," मी म्हटलं.

"म्हणूनच तर चाललोय," असं म्हणून त्यांनी इस्त्रीचा शर्ट काढायला सांगितलं.

गच्चीवर शेठच्या मेव्हण्याच्या बायकोने आम्हाला आधी पाणी आणि पापड दिले. वाळत घातलेल्या चादरींच्या मागे आम्ही तिघं दडून बसलो. पहिल्या हाफमध्येच आमच्या सेंटर फॉरवर्डने गोल केला. ओरडायची सोय नव्हती. शेठनी चादरीचं टोक तोंडात कोंबलं, मामांनी माझा हात इतका दाबला की बांगडी पिचली.

दुसऱ्या हाफमध्ये बदलापूरने गोल फेडला. मग आमची टीम जुन्या सवयीने मागे पळायला लागली. मामा चुळबुळ करत होते. बदलापूरचा एक मुलगा एकटाच बॉल घेऊन सुटला तसे ते चादर बाजूला सारून कठड्याशी उभे राहिले आणि सगळ्या उल्हासनगरला ऐकू जाईल असे गोलकीपरवर ओरडले, "अरे लाइन सोड! पुढे ये!"

अख्खं मैदान वर बघायला लागलं. आमच्या बॅकने घाबरून त्या मुलाला पाडलं. पेनल्टी.

गोलकीपरने गच्चीवर मामांना पाहिलं, मला पाहिलं, तोंडात चादर धरलेल्या शेठना पाहिलं, आणि त्याचा चेहरा पडला. तो हात हलवून खुणा करू लागला, आत जा, आत जा. खालून कॅप्टनने हात जोडले. शेठ लगेच टाकीमागे गेले. मी मामांची बाही ओढली. "मामा, चला ना. त्यांना बरं वाटेल."

मामा हलले नाहीत. "नाही. अडवला तर त्याची हिंमत, सुटला तर त्याची चूक. माझा काय संबंध?" हे त्यांनी मला सांगितलं, पण कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.

रेफ्रीची शिट्टी वाजली. आमचा गोलकीपर अजून वरच बघत होता, एक हात उंच करून, "जा ना काका!" बॉल सणसणत आला, त्या उंचावलेल्या हाताला लागला, बारवर आपटला आणि बाहेर गेला. बॉल कुठे गेला हे सगळ्यात शेवटी त्यालाच कळलं.

बरोबरीत सुटली मॅच. क्लब वाचला. आम्ही जिना उतरून खाली गेलो तर मुलांनी मामांना खांद्यावर घेतलं. कॅप्टनच्या डोळ्यात पाणी होतं. "काका, तुमच्यामुळे वाचलो! तुम्ही वर उभे होतात म्हणून! पुढच्या सीझनला एकही मॅच चुकवायची नाही, आणि उंचावरच उभं राहायचं!"

मामा त्या खांद्यांवरूनच तापले. "उतरवा मला खाली! पनवती म्हणालात तेव्हा निदान घरी तरी बसू दिलंत. आता शुभशकुन करून रोज उन्हात उभं करणार?"

पण पुढच्या सीझनच्या पहिल्या मॅचला मुलांनी खरंच मैदानाच्या कडेला एक लाकडी स्टूल आणून ठेवलं. मामांना त्यावर चढवलं. शेठनी नवे शर्ट शिवले होते, या वेळी निळे. मामा स्टुलावर हाताची घडी घालून उभे होते, खाली मी आणि शेठ, आणि आमची टीम तीन गोलने हरली.

मुलं माना खाली घालून बाहेर आली. मामा स्टुलावरून उतरले आणि त्यांना इतका आनंद झाला होता की लपवता येईना. कॅप्टनच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघितलंस? मी होतो, तरी हरलात! माझा काही संबंध नाही, सिद्ध झालं की नाही?"

"हो काका," कॅप्टन रडवेल्या आवाजात म्हणाला.

वाटेत मामा खुशीत होते. म्हणाले, नव्या मुलाला उजवीकडे खेळवायला हवं होतं, आणि लेफ्ट बॅक फार पुढे जातो. मी म्हटलं, वारापण आपल्या विरुद्ध होता. शेठ स्कूटर हाताने ढकलत आमच्या बरोबर चालत होते, आणि म्हणत होते की निळा रंग मात्र अजिबात उतरणार नाही.