पडद्याचा दोष

तुमच्या बाबानं मला मोठा मॉनिटर पाठवला, त्याला आता महिना झाला. लॅपटॉपवरची अक्षरं मला बारीक वाटतात, असं मी एकदा फोनवर बोलून गेले होते. ती तक्रार नव्हती. पण तुमच्या घरात माझं कुठलंही वाक्य ऑर्डर म्हणूनच घेतलं जातं. आठवड्याच्या आत खोकं दारात. आणणाऱ्यानं तुमच्या आजोबांना विचारलं, "टीव्ही घेतला का काका?"

"नाई," आजोबा म्हणाले. "बाईले अक्षर दिसून नाई राह्यलं, म्हणून मोठी पाटी मागवली."

मी इंग्रजी शाळेत शिकले आणि पुढे बत्तीस वर्षं इथे देवळीला इंग्रजी शिकवलं. या शिक्षणाचा एक परिणाम असा, की कुठल्याही वस्तूबरोबर आलेलं माहितीपत्रक मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. मॉनिटर पाण्यात बुडवू नये आणि त्यावर चढून बसू नये, हे मी वाचलं. सोबत दिलेली केबल वापरावी, हेही वाचलं. त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि ती केबल तिच्या पिशवीतून न काढता कपाटात ठेवून दिली.

यात मला काहीच विसंगत वाटलं नाही. आपल्या घरात नवी वस्तू आली की ती आधी ठेवायची असते. नव्या चादरी कपाटात आणि जुन्या पलंगावर. नवी तूर कोठीत आणि गेल्या वर्षीची डाळ चुलीवर. माझ्याकडे वायरींचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधलेली आहे आणि प्रत्येक चिठ्ठीवर ती कशाची, ते लिहिलेलं आहे. त्यात आपल्या पहिल्या कॉम्प्युटरची निळ्या टोकाची केबल होती. दोन्ही टोकांना स्क्रू. ती लॅपटॉपला लागली, मॉनिटरलाही लागली. स्क्रू आवळले, बटण दाबलं, चित्र आलं. धडधाकट वायर असताना नवी कशाला फोडायची?

फक्त चित्र पुसट आलं. प्रत्येक अक्षराच्या उजवीकडे त्याचीच एक फिकट सावली, जणू ओल्या शाईवरून कुणाची बाही फिरली आहे.

"पडदा पुसट आहे," मी म्हणाले.

"पडदा नाई, तुहा डोया," आजोबा खुर्चीतून न उठता म्हणाले. "मोतीबिंदू तुह्या डोयात हाय."

"गेल्या वर्षी डॉक्टरांनी तपासलं तेव्हा काय म्हणाले? अजून थांबता येईल, म्हणाले."

"वर्ष झालं त्याले. परवा वरणात खडा लागला मले."

"एक खडा."

"दात बी एकच हलला."

ऑपरेशनचा विषय आमच्या घरात असाच येत होता. उन्हाळ्यात मी म्हणाले, एवढ्या उन्हात नको. पावसाळ्यात म्हणाले, ओल असते. मग दिवाळी आली. विद्यार्थ्यांनी वही उशिरा दिली तर दारात उभं करणारी मी, स्वतःला मुदतवाढ देताना फार उदार होते. खरं कारण तुम्हांला सांगायला हरकत नाही. माझ्या आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्याची नजर परत आली नाही. ते दिवस वेगळे होते, औषधं वेगळी होती, हे मला ठाऊक आहे. इतरांना मी ते नीट समजावूनही सांगते. पण आई नंतर माझ्या हातातलं पुस्तक घ्यायची, उघडायची, आणि मिटून परत द्यायची. माझा सगळा दिवस वाचण्यात आणि तुमच्यासाठी हे लिहिण्यात जातो. म्हणून दोष पडद्याचा निघावा, अशी माझी फार इच्छा होती.

मी आजोबांशी पैज लावली. पडद्याचा दोष निघाला, तर पुढच्या दिवाळीपर्यंत त्यांनी ऑपरेशन हा शब्द काढायचा नाही.

"अन् नाई निघाला तर?"

"तर तुम्ही म्हणाल त्या सोमवारी वर्ध्याला, डोळ्यांच्या दवाखान्यात."

दुसऱ्या दिवशी मी वही घेतली. एका वेळी एकच बदल करायचा आणि परिणाम लिहायचा, अशी माझी पद्धत. चष्म्याच्या कापडानं पडदा पुसला: फरक नाही. मग चष्मा पुसला: फरक नाही. उजेड कमी केला, जास्त केला. मॉनिटरच्या बटणांमध्ये अक्षरांची धार वाढवायची सोय सापडली, ती शंभरापर्यंत नेली, तेव्हा प्रत्येक अक्षराला बाभळीसारखे काटे फुटले. ती परत पन्नासवर आणली. खिडकी बंद करून पाहिली. लॅपटॉप बंद करून परत चालू केला, कारण तुमचा बाबा प्रत्येक आजारावर पहिलं औषध हेच सांगतो.

आजोबा तेवढ्यात टेस्टर आणि मीटर घेऊन आले. त्यांची सगळी नोकरी वीज खात्यात गेली. जगात जे काही बिघडतं ते व्होल्टेजमुळे, असा त्यांचा विश्वास आहे. दोष डोळ्याचा आहे असं म्हणणाऱ्या माणसानं प्लगमध्ये मीटर घालण्याचं काही कारण नव्हतं, पण त्यांना राहवलं नाही. "व्होल्टेज बरोबर हाय," त्यांनी जाहीर केलं. "म्हंजे डोयाच."

संध्याकाळी तुमच्या बाबाचा फोन आला. तिकडे परदेशात त्याची सकाळ होती आणि तो एका हातानं पाव खात होता.

"आई, रिझोल्यूशन किती दाखवतंय?"

मी सेटिंग उघडून वाचलं. "एक हजार चोवीस गुणिले सातशे अडुसष्ट."

"त्याच्या वरचा पर्याय निवड."

"वर पर्याय नाही. हाच शेवटचा."

"असं कसं? मॉनिटर एकोणीसशे वीसचा आहे."

मग त्यानं समजावलं. चित्र ठिपक्यांचं असतं, आणि पडद्याचे ठिपके ठरलेले असतात. लॅपटॉपनं कमी पाठवले, की पडदा तेवढेच ताणून सगळीकडे पुरवतो. म्हणजे तीन माणसांच्या वरणात पाणी घालून आठ जणांना वाढावं तसं, हे मला लगेच कळलं. "केबल ठीक आहे ना?" त्यानं विचारलं. मी म्हणाले, "अगदी ठीक आहे." कुठली आहे, हे त्यानं विचारलं नाही आणि विचारलं त्याहून जास्त उत्तर द्यायची मला सवय नाही. त्याची मीटिंग सुरू झाली.

त्याच संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर, त्या पडद्यावर मी तुम्हां दोघांना पाहिलं. धाकट्या, तुझे गाल दोन्ही कानांपर्यंत पसरले होते. मी तुझ्या आईला बाजूला घेऊन सांगितलं, याचं चीज कमी कर, आपल्याकडे अंगानं सुटायची खोड आहे. पुढचे चार दिवस तुला चीज मिळालं नाही, ते माझ्यामुळे. तुझी ताई मला म्हणाली, "आजी, तो तर सारखा पळतो." मी म्हणाले, "डोळ्यांना दिसतं ते दिसतं." हे वाक्य मी त्या आठवड्यात बोलायला नको होतं.

तिसऱ्या दिवशी वहीचं पान भरलं आणि मी बस स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात फोन केला. ते दुकान चालवणारी बाई माझी विद्यार्थिनी. ऑनलाइन फॉर्म भरणं, प्रिंटर दुरुस्त करणं, लोकांचे विसरलेले पासवर्ड शोधणं, सगळं ती करते. दुपारी ती स्कूटीवरून आली, पाणी प्यायली, आणि पडद्याकडे न बघता सरळ मागे गेली.

"मॅडम, ही वायर कोनत्या जमान्यातली हाय?"

"चांगली आहे. डब्यात नीट ठेवलेली होती."

"ठेवली असन नीट. लावतानी दाबली." तिनं स्क्रू सोडवले आणि ते निळं टोक खिडकीच्या उजेडात माझ्यासमोर धरलं. "ह्या पिना पाहा. ही एक वाकून आत गेली. दिसली?"

मला पिनाच दिसल्या नाहीत. मी म्हणाले, "हो."

"ह्या पिनेतून मॉनिटर लॅपटॉपले आपलं माप सांगते. माप नाई भेटलं तर लॅपटॉप अंदाजानं कमीच पाठवते. अन् वायरच जुन्या पद्धतीची, त्याच्यानं सावली पडून राह्यली. मॉनिटरसंग नवी वायर नाई आली काय?"

"आली आहे."

"मंग कुठं हाय?"

"कपाटात."

"कपाटात काऊन?"

याचं उत्तर आजोबांनी दिलं. "पावण्यांसाठी ठेवली असन," ते म्हणाले. "जवाई आले का काढते."

मी कपाट उघडलं. केबल नव्या टॉवेलांच्या खाली होती आणि तिच्यावर मी तारखेची चिठ्ठीही चिकटवली होती. माहितीपत्रकही टेबलावरच होतं. झेरॉक्सवालीनं ते चाळलं, माझी पेन्सिलीची रेघ तिला सापडली आणि तिनं त्या रेघेवर बोट ठेवलं.

"मॅडम," ती म्हणाली, "तुमी आमाले सांगत होत्या, प्रश्न पूर्ण वाचा मंग उत्तर लिहा."

"मी पूर्ण वाचला होता."

"तेच म्हनतो मी."

नवी केबल लागली. पडदा एकदा काळा झाला आणि मग सगळं स्वच्छ आलं. सावल्या गेल्या. सेटिंगमध्ये एकोणीसशे वीसचा आकडा आपोआप येऊन बसला. अक्षरं मात्र मुंगीएवढी झाली, तेव्हा तिनं ती दीडपट मोठी करून दिली. मी तुमचा फोटो उघडला. धाकटा पुन्हा लुकडा झाला होता. तुमच्या आईला मी त्याच दिवशी फोन केला. ती हसली नाही, फार चांगली आहे ती. जाताना झेरॉक्सवालीनं चहा घेतला आणि जुनी केबल उचलली. "ही मी नेतो," ती म्हणाली. "नाई तर तुमी चिठ्ठी बांधून पुन्हा ठेवसान."

मी वहीत लिहिलं: दोष केबलचा, डोळ्याचा नाही. आजोबांसमोर वही ठेवली. त्यांनी सही केली.

आणि त्यांनी शब्द पाळला. दहा दिवस त्यांच्या तोंडून ऑपरेशन, डोळा, वर्धा, सोमवार, यांपैकी काही निघालं नाही. सोमवारचा उल्लेख करायचा तर ते "रविवारच्या दुसऱ्या दिवशी" म्हणायचे.

अकराव्या दिवशी दुपारी मी तुमच्यासाठी लिहीत बसले होते. कापसाचे दिवस, रस्त्यावरून गाड्या जात होत्या आणि खिडकी उघडी होती. डाव्या डोळ्यात काहीतरी गेलं. मी तो पदरानं झाकला आणि उजव्यानं वाचत राहिले, तर पडदा पुसट. प्रत्येक अक्षराला सावली. मला वाटलं, केबल निसटली. मी मागे जाऊन ती दाबली. लॅपटॉप बंद करून परत चालू केला. वही काढून पहिल्या पानापासून सगळं तपासायला सुरुवात केली, आणि हे सगळं मी एक डोळा पदरानं धरून करत होते. मग पाण्यानं डोळा धुतला आणि पदर सोडला. पडदा तत्काळ दुरुस्त झाला.

मी डावा झाकला, उजवा झाकला, परत डावा. पुढचे चार दिवस रोज सकाळी तसंच करून पाहिलं. खराब केबल होती तोवर दोष कुणाचा हे सांगता येत नव्हतं. आता पडद्यात काही उरलं नव्हतं, उरला होता तो उजवा डोळा. हे फक्त मला माहीत होतं, आणि माझ्याकडे सही केलेला कागद होता. पुढच्या दिवाळीपर्यंत मला कुणी काही म्हणू शकत नव्हतं.

पाचव्या दिवशी मी चहा ओतला. आजोबांचा कप भरला असं मला वाटलं. ते पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला, खांद्यावरचा टॉवेल घेतला, कपाशेजारी टेबलावर सांडलेला चहा सावकाश पुसला, आणि टॉवेल मांडीवर घडी करून ठेवला. बायकोला चूक दाखवायची संधी ज्यांनी चाळीस वर्षांत एकदाही सोडली नाही, ते म्हणाले, "चहा चांगला झाला."

त्यापेक्षा खड्याबद्दल बोलले असते तर बरं झालं असतं.

"सोमवारी मोकळे आहात का?" मी विचारलं.

"काऊन?"

"वर्ध्याला जायचंय."

"पैज तर तू जिंकली."

"जिंकले. पैज पडद्याची होती."

त्यांनी पेपर पुन्हा उचलला.

आता एक गोष्ट सांगते, ती तुमच्या बाबाला अजून ठाऊक नाही. गेल्या वर्षी तपासणीला गेले तेव्हा दवाखान्यात मी तासभर वाट बघत होते. खोलीचं दार उघडं होतं आणि मी दाराजवळच्या बाकावर बसले होते. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता तिथून जवळ होता. दोन्ही डोळ्यांनी मी तो खालपर्यंत वाचून काढला, आणि वाचलेलं माझ्या लक्षात राहतं. आत त्यांनी एकेक डोळा झाकून विचारलं, तेव्हा मी सगळ्या ओळी न अडखळता म्हणून दाखवल्या. डॉक्टर म्हणाले, या वयात छान आहे, अजून थांबता येईल. परीक्षेत कॉपी करणाऱ्याला मी वर्गाबाहेर काढत असे.

या सोमवारी तोच बाक रिकामा होता. मी पलीकडच्या, भिंतीकडे तोंड असलेल्या खुर्चीत बसले. आत गेल्यावर तपासणाऱ्या मुलीनं माझा डावा डोळा झाकला आणि म्हणाली, "आजी, वरून तिसरी ओळ वाचा."

"दिसत नाही," मी म्हणाले.

"दुसरी?"

"ती पण नाही."

मागच्या स्टुलावरून आजोबांचा आवाज आला. "लिहून घ्या ताई. आपल्याच तोंडानं सांगून राह्यली."

डॉक्टरांनी पुढच्या गुरुवारची तारीख दिली आहे. सकाळी नऊला, नाश्ता करून यायचं. त्यानंतर काही दिवस मला पडद्यासमोर बसू देणार नाहीत, म्हणून हे आजच लिहून ठेवलं.