न्हाणीघराची कडी

तिचं नाव आम्ही कुणी विचारलंच नाही. ठाण्यातल्या आमच्या कारखान्याची ड्रॉइंग्ज डोंबिवलीच्या युनिटला कॉम्प्युटरवरून सुरक्षित जावीत, म्हणून युनिक्स सिस्टीमवर चालणारा सर्व्हर बसवायला ती शहाडच्या एका कॉम्प्युटर कंपनीतून आलेली. आल्या आल्या तिने बांगड्या वर सारल्या आणि कीबोर्ड पुढे ओढला. आम्हा सगळ्यांचा पासवर्ड एकच, गणपतीचं नाव. मॉनिटरला दसऱ्याचं कुंकू लावलेलं, त्याच्याच खाली तो कागदावर लिहून चिकटवलेला. तिने तो कागद टरकन फाडला.

"आता प्रत्येकाचा वेगळा."

साहेब तडकले. "अहो मॅडम, इथे सगळी घरचीच माणसं आहेत!"

"घरचीच असली तरी न्हाणीघराला कडी असतेच ना?"

"तुमच्या ऑफिसात फोन करीन मी."

तिने फोन त्यांच्यापुढे सरकवला. "करा."

त्यांनी केला नाही. मग आम्ही एकेक जण येऊन आपापला पासवर्ड टाईप करत गेलो आणि दरवेळी ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. शेवटी साहेब बसले.

"माझा तरी बघा, चुकायला नको."

"नाही बघणार," म्हणत तिने पाठ फिरवली.

आमच्या ऑफिसात साहेबांकडे पाठ करून उभं राहिलेलं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. फार बरं वाटलं.