पोरगी लई ऐकती

घाईघाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

मी घोडेगावात विशेष मुलांना शिकवते. आज दुपारी माझी चौदा वर्षांची विद्यार्थिनी एसटी स्टँडवरून हरवली. आई पाण्याची बाटली भरायला वळली तेवढ्यात. दोन तास आम्ही वेड्यासारखं शोधलं. मग कंडक्टरचा फोन आला. तिच्या गळ्यातल्या कार्डावर माझा नंबर होता. पोरगी डोंगरातल्या शेवटच्या गावात पोचली होती.

परत आणल्यावर विचारलं, "गाडीत का बसलीस गं?"

"काका म्हनले, चला, बसा. मी बसले." आणि शाबासकीसाठी माझ्याकडं बघून हसली.

सहा वर्षं मी हेच शिकवलं. बस म्हटलं की बसायचं, ये म्हटलं की यायचं. "बाई, पोरगी लई ऐकती आता," म्हणत आईनं पेढे दिले होते. मूल ऐकायला लागलं की शिकायला लागतं, हे माझं तत्त्वज्ञान. प्रशिक्षणात छातीठोकपणे सांगायचे.

आज कंडक्टर होता. उद्या कोण "चल" म्हणेल?

तिला तिथंच समोर बसवलं. म्हटलं, "नाय म्हण."

"नाय," ती लगेच म्हणाली. मी सांगितलं म्हणून.

आता सांगा, कसं शिकवू?