धोंडूकाकांचा खणखणीत आंबा

आमच्या मुलुंडच्या गल्लीत कुणी काही विकत घेतलं, की ते आधी धोंडूकाका परबांपुढे जायचं. नारळ, माठ, नवं दार, लोखंडी कपाट. काका मधल्या बोटाचं पेर वाकवून तीनदा वाजवायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि निकाल द्यायचे. "खणखणीत हा." नाहीतर, "परत कर." ही विद्या त्यांनी लहानपणी मालवणकडच्या गावात फणस वाजवून मिळवली होती. फणस पिकला की कच्चा हे आवाजावरून कळतं, मग बाकीचं जग का कळू नये, असं त्यांचं साधं गणित. गिरणीच्या खडखडाटात पंचवीस वर्षं काढूनही कान शाबूत राहिले, याचा त्यांना भारी अभिमान. संपानंतर ते भांडुपच्या एका कारखान्यात वॉचमन झाले. तिथलं गेट त्यांनी पहिल्याच दिवशी वाजवून पाहिलं म्हणे.

त्यांच्या बैठ्या घराच्या अंगणात चाळीस फुटी रायवळ आंबा होता. दर मे महिन्यात आंबे उतरवून झाले, की काका बुंध्यावर पेर आपटून जाहीर करायचे, "खणखणीत. अजून पन्नास वर्सां हलाचो नाय."

त्यांची बायको मालनकाकू तांदूळ पाखडता पाखडता म्हणायची, "वरच्या ढोलीत पोपट जातत. झाड आत पोकळ नसता, तर त्येनी संसार खंय मांडलो असतो?"

"पोपटाक काय कळता?"

दोन वर्षं हेच चाललं होतं. अठ्ठ्याऐंशीच्या जुलैत, एका दुपारी, वादळात आंबा आडवा झाला. शेंडा शेजारच्या नंदकिशोर प्रधानांच्या स्वयंपाकघरावर. सिमेंटचे सात पत्रे आणि वळचणीला लावलेली स्कूटर गारद. एक जाड फांदी दुसऱ्या बाजूच्या सुगंधामावशींच्या कुंपणभिंतीवर. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, त्यामुळे पाऊस थांबताच अंगणात जत्रा भरली. बुंधा छातीएवढ्या उंचीवर मोडला होता आणि आत बादली मावेल एवढी पोकळी. जो तो त्यात तोंड घालून हाक मारून बघत होता. काका तेवढे ओट्यावर पाठ करून बसले.

प्रधान बँकेतले. त्यांनी घराचा विमा काढला होता, वादळासकट. तिसऱ्या दिवशी विमा कंपनीचे सर्व्हेअर गुप्ते आले. त्यांनी टेप लावून पत्रे मोजले, पोकळी मोजली, आणि गल्लीचा घोळका मागे घेऊन काकांसमोर उभे राहिले.

"प्रधानांना त्यांच्या विम्यातून भरपाई मिळेल," ते म्हणाले. "तुम्हाला एकच विचारायचंय, परब. झाड पोकळ झालंय हे तुम्हाला माहीत होतं का? माहीत असून तसंच ठेवलं असेल तर चूक तुमची. कंपनी प्रधानांना देईल आणि तुमच्याकडून वसूल करील. माहीत नसेल तर वादळापुढे कोण काय करणार?"

'नव्हतं' एवढा एकच शब्द हवा होता.

प्रधानांच्या उत्तराताई कुजबुजल्या, "काका, म्हणा ना नव्हतं. सुटलात."

"माका म्हायत नसतला?" काका उखडले. "चाळीस वर्सां झाडां वाजवतंय."

गुप्त्यांनी पेनचं टोपण काढलं. "म्हणजे माहीत होतं."

"तसां नाय."

"मग नव्हतं?"

"तसांय नाय."

पेन कागदाला टेकणार, एवढ्यात मालनकाकू पदर खोचून पुढे आली. "साहेब, ह्येंका झाडातलां काय एक कळणा नाय. दोन वर्सां मी सांगतंय, झाड पोकळ हा, पोपट जातत."

उत्तराताईंनी कपाळावर हात मारला. वाट लागली, बायकोनेच अडकवलं.

"म्हणजे इशारा मिळाला होता," गुप्ते म्हणाले.

"मिळालो. मी सांगितल्यार हे दरवेळी उठले, झाड वाजवल्यानी, आणि म्हणाले खणखणीत. ज्याका खराच तसां वाटता, त्येका म्हायत होतां असां कसां म्हणतलात?"

गुप्त्यांनी पेन खाली केलं. "वाजवून दाखवा बरं."

काका उभ्या खुंटाजवळ गेले. आतली पोकळी सगळ्यांना दिसत होती. त्यांनी तीनदा पेर आपटलं, मान तिरकी केली, डोळे मिटले आणि चाळीस वर्षांच्या सवयीने म्हणाले, "खणखणीत हा."

गल्ली खो खो हसत सुटली. प्रधान स्वतःच्या मोडक्या स्कूटरवर बसून हसले. गुप्ते चष्मा पुसत म्हणाले, "परब, भरीव लाकूड बद्द वाजतं. खणखणतं ते पोकळ."

काकांनी खुंटात हात घालून पोकळी चाचपली. मग त्यांनी पेन मागून घेतलं आणि कागदावर स्वतःच लिहिलं: झाड दरवर्षी वाजवून पाहिले. पोकळ असल्याचे मला कळले नाही. धों. ल. परब. गुप्त्यांनी वाचून मान डोलावली. वसुलीचा प्रश्न मिटला.

एव्हाना अंगण रिकामं झालं होतं. काकांनी पास केलेली दारं वाजवून बघायला सगळे आपापल्या घरी पळाले होते. संध्याकाळपर्यंत गल्लीभर ठक ठक चालू होती. दोन दारं खणखणली.

सुगंधामावशींचा विमा नव्हता आणि काकांवर कायद्याने काही येत नव्हतं. तरी रविवारी काका थापी घेऊन त्यांची भिंत बांधायला बसले. "विमो नाय, पण मी आसंय," म्हणाले. प्रत्येक वीट बोटावर तोलून ते वाजवत होते, आणि तिथे त्यांचा कान अगदी बरोबर होता. चांगली भाजलेली वीट खणखणते.

"गो मालन, वीट बरी हा ना?" मावशींनी आपली खात्री करून घेतली.

"पोपट बसलो नाय मगे बरीच आसतली," काकू म्हणाली, आणि पुढची वीट तिने स्वतः वाजवून काकांच्या हातात दिली.