हलकी बॅटरी आणि आत्याबाईंचं वाण

आमच्या घरात वजनाला फार मान. घाटंजीकडचं कापूसवाल्यांचं घर ते. भारी ते चांगलं आणि हलकं ते पोचट, एवढं तिथे प्रत्येकाला जन्मतःच कळतं. मी आले यवतमाळच्या नोकरदार घरातून, इलेक्ट्रॉनिक्स शिकून. रुखवतात सोल्डरिंगची गन आणलेली त्या गावातली मी पहिलीच सून असेन.

त्या वर्षी कापसाचा भाव असा पडला की मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, कापूस विकलाच नाही. वाढेल तेव्हा विकू म्हणून आतली खोली खिडकीपर्यंत भरून टाकली. उरलेल्या जागेत आत्याबाई झोपायच्या. आत्याबाई मामाजींची धाकटी बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून त्या माहेरीच. संक्रांतीचे तिळाचे लाडू सगळे त्याच वळायच्या, आणि हळदीकुंकवाच्या बायका यायला लागल्या की मुकाट्याने आतल्या खोलीत जाऊन बसायच्या. विधवेला वाण द्यायचं नाही, ही रीत. मला त्या रीतीचा संताप यायचा, पण नव्या सुनेचा संताप भांड्यांपलीकडे जात नाही.

फावल्या वेळात मी एक यंत्र केलं होतं. डब्याचं झाकण, खेळण्यातल्या दोन मोटारी, चार चाकं. फरशीवर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावली की ते पट्टी धरून आपलं आपण चालायचं. वर एक लाल दिवा होता. बॅटरी आहे तोवर तो जळणार, विझला की समजायचं संपली. सासूबाईंना मी हे दहादा सांगितलं होतं, कारण त्या दहादा विचारायच्या. एके दिवशी कमरेवर हात ठेवून त्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"हे आतल्या खोलीत जाईन का वं?"

"कायले?"

"मी बाईले हातानं वाण देलं तं बाया वर्षभर बोलतीन. यंत्राले कोन बोलते?"

ही बाई मला तोवर फक्त वरणात मीठ कमी पडलं की दिसायची.

संक्रांत तोंडावर आलेली. खोलीच्या उंबरठ्याला मी दोन्हीकडून फळीचा उतार केला, त्यावरून पट्टी नेली, आणि साधे पेन्सिल सेल रंगीत तालमीतच आटपले. चार्जिंगची बॅटरी हवी, असं म्हटल्याबरोबर मामाजी बाजारातून घेऊन आले. इमर्जन्सी दिव्यातली, विटेसारखी जड. तळहातावर खालीवर करत म्हणाले, "पाय, कसा माल हाये!" मालाखाली यंत्र पोटावर बसलं. दोन दिवस ते माझ्याकडे, मी बॅटरीकडे आणि बॅटरी कुणाकडेच बघत नव्हती.

मग मी एसटीने यवतमाळला जाऊन चार्जिंगचे पेन्सिल सेल आणले. ते हलके होते, पण चार मिळूनही जोर बेताचा. यंत्र अर्धी फळी चढून मागे घसरायचं. जोरासाठी आणखी सेल जोडले, की वजन वाढायचं आणि ते पुन्हा घसरायचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

सुटका केली ती नवऱ्याच्या वेंधळेपणाने. जेवताना त्याचा मोबाइल खाली पडून उघडला आणि बॅटरी घरंगळत माझ्या ताटाशी आली. मी उचलली. वजन म्हणून नाही! माझा मोबाइलही तसाच होता. दोन्हींच्या बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या आणि यंत्र वाटी-लाडूसकट उंबरठा ओलांडून गेलं. मामाजींनी एक हातात घेऊन तोंड वाकडं केलं.

"पोचट! हातात हाये का नाही, समजतच नाही."

"मामाजी, हे विकाचं नाही, चढवाचं हाये," मी म्हणाले.

वीज तेव्हा तिच्या मर्जीने यायची. आली की मी दोन्ही फोन चार्जिंगला लावायला धावायची. ऐन सणाच्या दिवशी नवरा बॅटरीविना फोन खिशात घालून हिंडत होता आणि कुणाचा फोन येत नाही म्हणून रुसला होता.

हळदीकुंकवाला बायका दाटीवाटीने बसल्या. यंत्र वाण घेऊन निघालं तशी पदर सावरून, पाय आखडून हसू लागल्या. ते फळी चढलं, उंबरठ्यावर डुगडुगलं आणि आत उतरलं. तिथेच थांबलं. कापसाचे तंतू चाकाच्या दांड्याला गुंडाळले गेले होते. मी सगळं मोजलं होतं, घरातला कापूस तेवढा विसरले होते! आत्याबाई हातभर अंतरावर, वाटीकडे बघत बसलेल्या. त्या काही हात पुढे करेनात. बाहेरचं हसणंही थांबलं. मला रडूच यायला लागलं.

सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"बॅटरी संपली वाट्टे," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "आता मलेच द्या लागते."

उंबरठा ओलांडून त्या आत गेल्या, वाटी उचलली आणि आत्याबाईंच्या हातात ठेवली.

"घ्या बाई. तीळगूळ घ्या, गोड बोला."

आत्याबाई यंत्राकडे बघून हळूच म्हणाल्या, "वयनी, याचा दिवा तं जळून राह्यला."

"जळू द्या," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या शेजारी कापसावर बसल्या.