फक्कीचं घर

जगात घर बांधणारी माणसं पुष्कळ असतील, पण बांधायच्या आधीच त्या घरात अडीच महिने राहून आलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला मीही ताईच म्हणतो, तिचे हे यजमान. जन्मभर जिल्ह्यातल्या शाळांतून भूगोल शिकवत हिंडले आणि निवृत्त झाल्यावर नागावच्या वडिलोपार्जित वाडीत घर बांधायला निघाले. वाडी म्हणजे नारळ, सुपाऱ्या, एक विहीर आणि पंपाची खोली. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणतं. मीही तेच म्हणतो, कारण नुसतं साडू म्हटलं की ते लगेच चूक सुधारतात, "थोरले साडू."

मोजमापाचं त्यांना पहिल्यापासून वेड. खिशात एक वेळ रुमाल नसेल, पण टेप असणारच. पालीला एका नातेवाइकांकडे आम्ही समाचाराला गेलो होतो. घरातला कर्ता माणूस गेलेला, बायका डोळे पुसताहेत, आणि मास्तर एकदम उठून आत गेले. सगळ्यांना वाटलं, त्यांना भरून आलं. घरच्या वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग गेल्या, तर हे न्हाणीघराच्या दारात उकिडवे बसलेले. वर मान करून म्हणाले, "वहिनी, उंबरा चार इंचांचा ठेवलात, हे फार शहाणपणाचं केलंत." त्या बाईंना तशा दुःखातही हसू आवरेना. मी बाहेर सतरंजीवर मान खाली घालून बसलो होतो, ती मान घरी येईपर्यंत वर केली नाही.

इतका मोजणारा माणूस नकाशा स्वतःच काढेल, असं कुणालाही वाटेल. मास्तरांनी तो घेतला तयार, इंटरनेटवरून. म्हणाले, "सदरा रेडीमेड घ्यावा आणि शिंप्याकडून अंगासरसा करून घ्यावा." हा सदरा कुठल्या तरी थंड देशातला होता. दिवाणखान्यात शेकोटी, दाराशी बर्फातले बूट काढायची खोली आणि दोन मोटारींचं गॅरेज. मी विचारलं, "मास्तर, नागावात शेकोटी कशाला?" तर शांतपणे म्हणाले, "तिथे देवघर. विस्तवाचीच जागा आहे, समई शोभेल." बुटांची खोली छत्र्या-रेनकोटांना मिळाली. मोटारींच्या जागी सुपारी सोलायची पडवी आली, कारण मास्तरांकडे सायकल आहे. बर्फ घसरून पडावा म्हणून काढलेला छपराचा उतार मात्र त्यांनी हातही न लावता ठेवला. त्यांच्या मते नकाशा काढणारा तो इसम बर्फाचं नाव सांगून आपल्या पावसाचाच विचार करत होता.

पण ही सगळी हौस. खरा जीव अडकला होता तो एका गोष्टीत. ताईने तीस वर्षांत अकरा भाड्याच्या घरांत संसार केला. बदली झाली की ट्रंका भरायच्या, नव्या गावी उघडायच्या, आणि प्रत्येक गावी ओट्यासमोर भिंत. सगळ्या घरादाराबद्दल तिने एकदाच तोंड उघडलं. "भिंतीकडे बघून पुष्कळ भाकऱ्या थापल्या. आता समोर कुणी येता-जाता दिसलं तर बरं." त्या दिवसापासून मास्तरांनी दुसरं काही मनात ठेवलं नाही. पायाचं खोदकाम अक्षय्य तृतीयेला सुरू व्हायचं होतं, आणि एकदा खड्डे पडले की मग काहीही हलणार नाही, असं अलिबागच्या इंजिनिअरने बजावून ठेवलं होतं.

तयार नकाशात ओट्यासमोर खिडकी होती. दुसरा कुणी एवढ्यावर खूश झाला असता. पण मास्तर म्हणाले, "नकाशे शिकवण्यात माझा जन्म गेला. कागदावर राहता येत नाही, हे मला कुणी सांगायला नको." फेब्रुवारीत त्यांनी खेळाच्या मैदानावर मारतात ती पांढरी फक्की आणली आणि वाडीतल्या मोकळ्या जागेत अख्खं घर जमिनीवर आखलं, खऱ्या मापाचं, उंबऱ्यांसकट. आत खाट टाकली, खुर्च्या मांडल्या, ओट्याच्या जागी टेबल ठेवून त्यावर शेगडी. सकाळी दोघं भाड्याच्या खोलीतून यायची आणि दिवसभर त्या रेघांत नांदायची. मी पहिल्यांदा गेलो तो सरळ खाटेकडे निघालो. "अहो, भिंतीतून काय येताय?" मास्तर म्हणाले. मला मागे फिरून, चपला काढून दारातून यावं लागलं. मासळी विकायला येणारी कोळीण माझ्यापेक्षा शहाणी. ती रेघेबाहेर टोपली उतरवून विचारायची, "मास्तर, मावरं दारातनं देऊ का खिडकीतनं?"

तिसऱ्याच दिवशी ताई त्या टेबलाशी उभी असताना म्हणाली, "खिडकी आहे हो, पण खिडकीपुढे काय आहे ते बघा." सात फुटांवर शेजाऱ्यांची चिऱ्याची भिंत होती, चांगली पुरुषभर उंच. म्हणजे बारावी भिंत, आणि तीही स्वतःच्या घरात. इंजिनिअरला बोलावलं. तो सज्जन मुलगा, पण घाईत. "सर, स्वयंपाकघर उचलून फाटकाच्या बाजूला न्यायचं म्हणजे कॉलम, पाण्याच्या लाइनी, सगळंच नव्याने करावं लागणार. आता वेळ कुठाय? आपण एक्झॉस्ट चांगला लावू." ताई म्हणाली, "राहू द्या. मला सवय आहे." ते 'सवय आहे' मास्तरांना असं लागलं की आठवडाभर त्यांनी कुणाच्या घरचं काहीही मोजलं नाही. वहीत एकोणीस नकाशे काढून एकोणीस खोडले. मी फोनवर चेष्टा केली, "मास्तर, शेजाऱ्यांचीच भिंत पाडा." ते हसले नाहीत, तेव्हा माझीही चेष्टा करायची इच्छा गेली.

मग एका सकाळी नकाशावर चहा सांडला. मास्तर वैतागून दुसरा कप घेऊन खुर्चीत बसले, आणि ताईने तो कागद दोन चिमटे लावून सरळ दोरीवर वाळत घातला, बनियन आणि पंच्याच्या मधोमध. पलीकडून ऊन, कागद झाला पारदर्शक, आणि मास्तरांना घर दिसलं ते मागच्या बाजूने. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. स्वयंपाकघर शेजाऱ्यांच्या भिंतीशी नव्हतं, फाटकाकडे होतं. त्यांनी कप खाली ठेवला आणि केरसुणी घेऊन जुनं घर झाडायला लागले. दुपारपर्यंत नवं आखून तयार. टेबल नव्या जागी गेलं. ताई त्याच्याशी येऊन उभी राहिली. समोर सुपाऱ्यांमधून फाटक, फाटकापलीकडे रस्ता, रस्त्यावरून कुणी सायकलवरून चाललेलं. तो सायकलवाला दिसेनासा होईपर्यंत तिने बघितलं. मग म्हणाली, "चहा टाकते."

इंजिनिअर पुन्हा आला आणि सवयीने आला तो थेट नव्या न्हाणीघरात. मास्तरांनी कागद उन्हाकडे धरला. "कॉलम जिथल्या तिथे आहेत, लाइनीही. एक वीतसुद्धा बदल नाही. नुसती कूस बदलली आहे घराने." तो मुलगा कधी कागद बघे, कधी फाटक. शेवटी प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, हे मला सुचायला पाहिजे होतं." मास्तर म्हणाले, "तुम्ही कधी नकाशा वाळत घातला नसेल." हे वाक्य त्यांनी पुढे मला, कंत्राटदाराला, देवळातल्या गुरवाला आणि कोळणीलाही ऐकवलं, आणि खरं सांगतो, दर वेळी मला तितकाच आनंद झाला. अक्षय्य तृतीयेला कुदळ पडली ती उलट्या नकाशावर.

गेल्या माघात वास्तुशांत झाली. जेवणं उरकल्यावर ताई कुठे दिसेना म्हणून बघायला गेलो, तर ती ओट्याशी, हातात काही काम नाही. मास्तर बाहेर फाटकाजवळच्या बाकावर बसले होते, बरोबर खिडकीच्या समोर. मला बघून ताई म्हणाली, "तीस वर्षं वाटायचं, बाहेर काय काय चाललेलं असेल. आता बघते, तर हेच बसलेत." आणि पदराने उगाच खिडकीचा गज पुसला.

संध्याकाळी आम्ही पनवेलला परतलो. बायको चहा ठेवायला गेली, मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. आमच्या फ्लॅटमध्ये ओट्यासमोर पांढऱ्या टाइल्स आहेत. तेवीस वर्षं ती त्यांच्याकडे बघते आहे, आणि इतकी वर्षं मी मास्तरांना हसत आलो. मी विचारलं, "तुला इथे समोर काय असतं तर आवडलं असतं?"

तिने गॅस बारीक केला. टाइल्सकडे बघितलं.

"आठवून सांगते," म्हणाली.