वडिलांचा उस्ताद

मुकुंदवाडीतलं आमचं घर तीन खोल्यांचं, आणि नळ सात. स्वयंपाकघरात दोन, न्हाणीत दोन, संडासात एक, फाटकाजवळ एक. सातवा समोरच्या खोलीत, सोफ्याच्या बाजूच्या कोपऱ्यात, खाली हातभर काळी फरशी आणि तिला एक भोक. शाळेत असताना मित्र घरी आले की त्या नळाकडं बघून हसायचे. "तुमच्या हॉलमधी नळ कशाला रे?" मला उत्तर यायचं नाही. वडिलांना विचारायची सोय नव्हती. चिकलठाण्याच्या कारखान्यातून ते यायचे, जेवायचे, रेडिओ ऐकायचे आणि झोपायचे. माझ्याशी त्यांचं बोलणं म्हणजे, "गुण किती पडले?" आणि "सायकल आत घे."

ते जाऊन चार वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात घरातलं पाणी लाल यायला लागलं. आमच्याकडं पाणी आठवड्यातून एकदा येतं, कधी त्याहून उशिरा. ते हौदात घ्यायचं, मोटारीनं वरच्या टाकीत चढवायचं आणि पुरवून वापरायचं. हौदातलं पाणी स्वच्छ, टाकीतलं स्वच्छ, पण नळातून चहासारखं. धारही करंगळीएवढी. आई बादलीपुढं पाटावर बसून राही, भरेपर्यंत तिचा डोळा लागे. शेवटी बायको म्हणाली, "पाईप बदलल्याशिवाय हे थांबायचं नाही. किती दिवस गाळून अंघोळ करायची?"

मी दोघा प्लंबरांकडून भाव घेतला. एकानं सगळ्या भिंती फोडून, टाइल्ससकट, एक लाख दहा हजार सांगितले. दुसऱ्यानं तर घर बघायच्या आधीच भाव सांगितला. आई पलंगावरून ऐकत होती. म्हणाली, "ज्यानं बसवलं त्यालाच बोलाव की. तो सौदीहून आलाय म्हणं. चौकातला हार्डवेअरवाला सांगत होता."

"कोण तो?"

"तुझ्या वडलाचा उस्ताद."

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. पंचावन्नच्या पुढचा, दाढी पांढरी, खांद्याला कॅनव्हासची पिशवी. दारातूनच म्हणाला, "जयभीम, भाभी." आणि माझी आई, जी चार वर्षं डॉक्टरशीसुद्धा धड बोलत नव्हती, पलंगावरून उठून दाराशी गेली. "सलाम. किती वाळलास रे! तिकडं जेवायला देत नव्हते काय?"

"देते थे भाभी, पर तुमच्या हातची भाकर कुठं?"

दोघं हसले. मी हातात कंपनीची पिशवी घेऊन उभा होतो, बिडकीनची बस सुटायची वेळ झाली होती. आईला असं हसताना बघून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. चार वर्षं तिची औषधं मी आणली, डोळ्याचं ऑपरेशन मी करवून आणलं, रोज संध्याकाळी तिच्या पलंगाशी बसून "काय खाल्लं, झोप लागली का" मी विचारलं. मला उत्तर मिळायचं "व्हय" नाहीतर "नाय."

त्यानं काम बघितलं. स्वयंपाकघराबाहेरचा पाईप कापून तुकडा माझ्या हातात दिला. पाऊण इंची लोखंडी पाईप, पण आत गंजाचा थर एवढा चढलेला की मधून पेन्सिलही जाईना. "भिंती फोडायच्या नाहीत, साहेब," तो म्हणाला. "जुना पाईप भिंतीत मरू द्या. नवीन प्लास्टिकचा बाहेरून फिरवतो, जिथं नळ तिथंच फक्त आत घेतो. मजुरी, सामान, सगळं धरून अठ्ठ्याहत्तर हजार. आठ दिवस." भाव रास्त होता. मी हो म्हणालो.

मी कंपनीत तपासणीच्या विभागात आहे. तयार झालेल्या मालातला दोष शोधणं हेच माझं काम. घरी आलो की त्याच नजरेनं त्याचं काम बघायचो. पाईप सरळ, क्लिपा सारख्या अंतरावर, कापलेली कड घासून साफ. दोष सापडत नव्हता आणि त्याचाच राग येत होता.

त्याहून जास्त राग येत होता तो गप्पांचा. बायको रात्री जेवताना सांगायची. आज आईंनी त्याच्यासाठी पिठलं करायला लावलं. आज आईंनी सांगितलं की बाबा न्हाणीत गाणी म्हणायचे. "बाबा?" मी विचारलं. "आमचे बाबा?" आज तो सांगत होता की घर बांधताना मजूर ठेवायला पैसे नव्हते, म्हणून बाबा पहिली पाळी करून यायचे आणि त्याच्याबरोबर छन्नी घेऊन भिंतीत चर खोदायचे. तो तेव्हा पंचवीस वर्षांचा होता, स्वतःच्या जबाबदारीवर घेतलेलं पहिलंच घर. बाबा त्याच्याहून पंधरा वर्षांनी मोठे, तरी त्याला उस्ताद म्हणायचे. त्याच्याकडून पाईपला आटे पाडायला शिकले. एकदा दोघांनी मिळून उलटा कॉक बसवला आणि पोट धरून हसले.

मी घास खाली ठेवला. माझ्या वडिलांना पोट धरून हसताना मी कधी बघितलं नव्हतं. ते या माणसाच्या वाट्याला आलं होतं.

चौथ्या दिवशी रविवार होता, मी घरी होतो. समोरच्या खोलीचं काम निघालं. मी म्हणालो, "हा कोपऱ्यातला नळ काढून टाका. कुणी वापरत नाही. तेवढाच खर्च वाचेल."

तो छन्नी पुसत होता. म्हणाला, "हा नाय निघणार, साहेब."

"का?"

त्यानं आईकडं बघितलं. मग तो खाली बसला आणि सांगायला लागला. माझे वडील लहानपणी गावात पाण्याला जायचे तेव्हा त्यांना विहिरीच्या पायरीवर जाता येत नव्हतं. घागर ठेवून बाजूला उभं राहायचं. कुणाला दया आली तर तो वरून ओतणार. एकदा उन्हात दुपारपर्यंत उभे राहिले आणि रिकामी घागर घेऊन परत आले, तर घरी मार बसला. कुणाच्या दारात पाणी मागितलं तर ओंजळीत वरून धार, तीही अंगावर शिंतोडे उडू नयेत म्हणून लांबून. "घर बांधलं तेव्हा मला म्हणाले, उस्ताद, दारातून आत आल्याबरोबर नळ पाहिजे. माझ्या घरी कुणीबी येऊ दे, कोणत्याबी जातीचा. त्यानं मागू नये, मी वाढू नये. आपल्या हातानं घ्यावं, वाटेल तेवढं. मी म्हणालो, दादा, हॉलमधी नळ कोण लावतं? म्हणाले, मी लावतो."

बायको दारात उभी होती, तिनं डोळ्याला पदर लावला. मलाही रडू यायला हवं होतं. पण माझ्या मनात पहिलं आलं ते एवढंच, की हे मला का नाही सांगितलं? मी त्यांचा मुलगा. मी त्या नळावरून पोरांची बोलणी खाल्ली. आणि हे सगळं त्यांनी एका प्लंबरला सांगितलं, चर खोदता खोदता.

मी आईला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"व्हय."

"मग मला कधी सांगितलं नाहीस?"

"तू कवा इचारलं?"

मी त्याच्याकडं वळलो. आवाज चढला होता, पण थांबवता येईना. "हे बघा, घर माझं आहे. पैसे मी देतोय. कुठला नळ ठेवायचा ते मी ठरवीन. आजपर्यंतच्या कामाचा हिशोब सांगा. उरलेलं मी दुसऱ्याकडून करून घेतो."

त्यानं पान्हे, कटर, करवत एकेक करून पिशवीत भरलं. सामानाच्या पावत्या माझ्यापुढं ठेवल्या, मजुरी सांगितली, ती माझ्या अंदाजापेक्षा कमीच. जाताना आईला म्हणाला, "येतो, भाभी." आई उठली आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडं तोंड करून निजली. त्या दिवसापासून "व्हय" आणि "नाय"सुद्धा बंद झालं.

कंपनीतल्या एका ओळखीच्यानं दुसरा माणूस पाठवला. त्यानं उरलेलं काम दीड दिवसात उरकलं. कोपऱ्यातला नळ काढून तिथं बूच मारलं. आधीचा माणूस सांगायचा की सांध्याला लावलेला चिकट द्राव नीट वाळू द्यावा लागतो, मग पंप लावून दाब बघायचा, मगच पाणी सोडायचं. मी या नव्याला विचारलं, दाब बघणार का? "कशाला साहेब, घरचंच काम हाय," तो म्हणाला आणि मोटार चालू केली. मी, तपासणी विभागातला माणूस, गप्प बसलो. नळाला धार जोरात आली. पाणी स्वच्छ होतं. मी आईला मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, "बघ, झालं की नाही?" तिनं मान वळवली नाही.

तिसऱ्या दिवशी मी कामावर असताना बायकोचा फोन आला. स्वयंपाकघरामागचा, पाईप वळतो तिथला एल्बो निसटला होता. आदल्याच दिवशी आठ दिवसांचं पाणी आलं होतं, टाकी काठोकाठ भरलेली होती. पाणी बंद करायचा कॉक कुठं आहे ते तिला सापडेपर्यंत सगळी टाकी घरात रिकामी झाली. गव्हाचं पोतं भिजलं. मी पोचलो तेव्हा आई जमिनीवर बसून फडक्यानं पाणी टिपत होती आणि बादलीत पिळत होती. ते गढूळ पाणी सांडून द्यायलाही तिचा जीव होईना. मला बघून म्हणाली, "झाडांना होईल." आठवड्यानंतर माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

दुसऱ्या माणसानं फोन उचलला नाही. मी स्कूटर काढली आणि चिकलठाण्याला गेलो. विमानतळाच्या भिंतीपलीकडच्या गल्लीत विचारत विचारत त्याचं घर सापडलं. तो अंगणात खुर्ची टाकून बसला होता. मी वाटेत बरंच काही ठरवलं होतं, त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. "पाईप सुटला," एवढंच म्हणालो.

"कोणता?"

"मागचा. एल्बो."

"ओला जोडला असंल," तो म्हणाला आणि पिशवी आणायला आत गेला. त्याच्या बायकोनं चहा दिल्याशिवाय सोडलं नाही. चहा पिताना मी विचारलं. इतके दिवस तेच विचारायचं होतं, हे विचारतानाच कळलं.

"बाबा माझ्याबद्दल काही बोलायचे का? तेव्हा, काम करताना?"

त्यानं खरंच आठवून बघितलं. मला ते दिसत होतं. कुणीही दुसरा असता तर चार गोड शब्द बोलला असता.

"नाही, साहेब," तो म्हणाला. "तुम्ही दहा-अकरा वर्षांचे असाल. एकदा तुम्ही ओल्या सिमेंटमधी पाय घातला होता, तेव्हा लई शिव्या दिल्या. बाकी काही याद नाही."

मला हसू आलं. तो खोटं बोलला नाही, याचे मी मनातून आभार मानले. पण त्या घडीला त्यानं खोटं बोलावं असंही वाटत होतं.

त्यानं परत तीन दिवस काम केलं. दुसऱ्याचे सगळे सांधे कापून काढले, नवे जोडले, एक दिवस वाळू दिले. मग हातपंप लावून दाब चढवला आणि मला दाबाच्या काट्यापुढं बसवलं. "तुम्हीच बघा, तुमचं काम हाय हे." तासभर काटा हलला नाही. समोरच्या खोलीतलं बूच काढून तिथं नळ बसवायला मीच सांगितलं. भिजलेल्या गव्हासकट सगळा खर्च शेवटी एक लाखाच्या वर गेला. त्यातला माझ्या रागाचा भाग किती, ते मी बायकोला अजून नीट सांगितलेलं नाही.

हिशोब झाल्यावर तो जायला निघाला, पण दारात घुटमळला. "दादांचं शेवटी कसं झालं?" त्यानं विचारलं. "मी तिकडं होतो. मला कुणी कळवलंच नाही. आलो तेव्हा कळलं."

मी त्याला बसवलं. शेवटचे दोन महिने सांगितले. बाबांना लकवा मारला होता, बोलता येत नव्हतं. मी रजा टाकून घरी राहिलो होतो. त्यांना मी अंघोळ घालायचो, दाढी करायचो, चमच्यानं पेज भरवायचो. आवडलं की ते डोळे मिटायचे, नको असलं की माझं मनगट धरायचे. शेवटी शेवटी रात्री मनगट धरूनच झोपायचे. बोटं किती घट्ट असायची तेही सांगितलं.

तो मान खाली घालून ऐकत होता. एकदा म्हणाला, "तुमच्या नशिबात होतं." त्याच्या गोष्टी ऐकताना माझ्या तोंडावर जे असेल, ते त्या घडीला त्याच्या तोंडावर मला दिसलं. मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. अजून सांगत गेलो, बारीकसारीक सगळं, आणि मला बरं वाटत होतं.

आता तो महिन्या-दोन महिन्यांनी येतो. काम नसलं तरी येतो. आई त्याला जेवायला बसवते, जुन्या गोष्टी निघतात, ती हसते. मी आता उठून जात नाही, तिथंच बसतो. मधेच तो मला विचारतो, "फिर दादा काय करायचे, शेवटी शेवटी?" आणि मी सांगतो. सगळं एकदम सांगत नाही. थोडं राखून ठेवतो.